धरणाच्या पाण्यात सेन्सर कुठे टांगायचे?

खडकवासल्यात आज किती पाणी आहे हे पुण्यात कोणालाही विचारा, आकडा तोंडावर असतो. खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. चारही भरली की शहर निर्धास्त. पण ते पाणी आतून कसं आहे? तळाशी ऑक्सिजन कधी संपतो, पहिल्या पावसाचं गढूळ पाणी कुठल्या थरातून पुढे सरकतं, शेवाळ आधी कुठल्या फाट्यात धरतं? आठवड्यातून एकदा होडीने जाऊन बाटली भरून आणली तर एका जागेची, एका वेळेची खबर मिळते. बाकीचं कळायला पाण्याखाली एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी सेन्सर लावावे लागतात, आणि त्यांनी मोजलेलं काठापर्यंत पोचवावं लागतं. तारा ओढून हे जमत नाही. एवढ्या पसाऱ्यात तार कुठेतरी जाळ्यात अडकते, कुठेतरी गाळात पुरली जाते. म्हणून बिनतारी जाळं.

असं जाळं मांडताना दोन प्रश्न असतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला व्याप्तीचा: जिथलं मोजायचं आहे तो सगळा भाग कुठल्या ना कुठल्या सेन्सरच्या टप्प्यात येतो का? दुसरा जोडणीचा: प्रत्येक सेन्सरचा निरोप हातोहात काठापर्यंत येतो का? विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर कार्यकर्ते ठराविक अंतरावर उभे असतात. प्रत्येकजण आपल्यापुढची दहा-पंधरा पावलं बघतो, ही व्याप्ती. काही झालं तर शेजारच्याला हाक मारतो, तो पुढच्याला, ही जोडणी. पथकाचा ढोल सुरू झाला की दिसतं तेवढंच, पण हाक पुढे जात नाही. पाण्याखाली हे रोज घडतं. सेन्सर नीट मोजत असतो आणि निरोप मात्र पोचत नाही.

आमचं सांगणं एकच आहे. जाळं मांडायचं ते मे महिन्यातल्या दुपारच्या पाण्यासाठी. नोव्हेंबरच्या सकाळी जे चाललं त्याच्या भरवशावर अंतरं ठरवली तर उन्हाळ्यात अर्धं जाळं मुकं होतं.

ध्वनीच का

रेडिओ लहरी पाण्यात फार लवकर विरतात. वायफाय वापरतं ती २.४ गिगाहर्ट्झची लहर गोड्या पाण्यातसुद्धा एक मीटर गाठायच्या आत संपते. निळा-हिरवा प्रकाश नितळ समुद्रात काही दहा मीटर जातो, पण पावसाळ्यातल्या मुठेच्या पाण्यात हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत, तिथे प्रकाशाचं काय काम? उरतो ध्वनी. तो किलोमीटरच्या हिशोबात चालतो. शिवाय गोडं पाणी त्याला समुद्रापेक्षा खूपच कमी शोषतं. समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं मॅग्नेशियम सल्फेट ध्वनीची ऊर्जा खातं. १०० किलोहर्ट्झला दर किलोमीटरमागे तीसहून अधिक डेसिबल जातात. गोड्या पाण्यात तेच नुकसान दोन-तीन डेसिबल असतं. त्यामुळे समुद्रासाठी लिहिलेले पल्ल्याचे तक्ते धरणाला जसेच्या तसे लावू नयेत. धरणात ध्वनी शोषला जाऊन मरत नाही. तो पसरतो, वाकतो आणि आपल्याच प्रतिध्वनीत गुरफटतो.

प्रतिध्वनीचा एक हिशोब बघा. दोन मोडेम, म्हणजे आवाजातून निरोप पाठवणारी आणि ऐकणारी यंत्रं, ५०० मीटर अंतरावर, दोन्ही २५ मीटर खोल. सरळ आलेला आवाज ५०० मीटर चालतो. पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून आलेला ५०२.५ मीटर. अडीच मीटरचा फेरा म्हणजे १.७ मिलिसेकंद उशीर. वेगाने बिट पाठवायला गेलात तर एका बिटाचा प्रतिध्वनी पुढच्या बिटावर पडतो. म्हणून उथळ पाण्यातले भरवशाचे मोडेम सेकंदाला काहीशे बिटांवरच समाधान मानतात. नाटोने २०१७ मध्ये मान्य केलेलं जेनस हे पाण्याखालच्या संपर्काचं मानक तर ११.५ किलोहर्ट्झच्या आसपास सेकंदाला जेमतेम ८० बिट पाठवतं. तापमान, ऑक्सिजन, गढूळपणा आणि बॅटरीची स्थिती एवढं ६४ बाइटांत सहज बसतं, तेव्हा घाई कशाला?

दुसरी अडचण वेगाची. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. रेडिओच्या मानाने दोन लाख पटीने सावकाश. ७५० मीटरवरच्या शेजाऱ्याने बोलायला सुरुवात केली हे आपल्याला अर्ध्या सेकंदाने कळतं. त्यामुळे ‘आधी कान देऊन बघायचं, शांत असेल तर बोलायचं’ ही जमिनीवरच्या रेडिओची रीत इथे फसते. शांतता ऐकून दोघे बोलतात आणि दोन निरोप वाटेत एकमेकांवर आदळतात. उपाय जुनाच: प्रत्येकाला ठरलेली पाळी. ६४ बाइटांचा निरोप सेकंदाला ५०० बिटांनी एका सेकंदात जातो, १२०० मीटरपर्यंतचा आवाज विरायला ०.८ सेकंद धरा, म्हणजे एका पाळीला दोन सेकंद पुरे. चोवीस नोडांची, म्हणजे सेन्सर आणि मोडेम असलेल्या चोवीस ठाण्यांची, एक फेरी पाऊण मिनिटात होते. वाटेत पुढे ढकलायच्या निरोपांच्या पाळ्या धरूनही काही मिनिटांत आटपते. तासाला एक वाचन हवं असेल तर वेळच वेळ आहे. फक्त घड्याळं सांभाळा. साध्या क्रिस्टलचं घड्याळ दिवसाला १.७ सेकंदांपर्यंत सरकतं, म्हणजे दोन दिवसांत एक नोड दुसऱ्याच्या पाळीत घुसतो. गेटवेने, म्हणजे सगळ्यांचे निरोप गोळा करून काठाकडे पाठवणाऱ्या नोडने, जीपीएसची वेळ रोज एकदा सगळ्यांना कळवायची, किंवा तापमान सांभाळणारा क्रिस्टल बसवायचा.

मे महिन्यातली दुपार

उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी थराथराचं होतं. वरचं तापलेलं हलकं पाणी खालच्या गार पाण्यावर सायीसारखं बसतं. मधल्या काही मीटरांत तापमान झपकन उतरतं. या मधल्या थराला थर्मोक्लाइन म्हणतात. आता ध्वनीचा स्वभाव असा, की तो वेग कमी असलेल्या पाण्याकडे वळतो, आणि गार पाण्यात वेग कमी. ३० अंशाला गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला १५०९ मीटर जातो, २५ अंशाला १४९७. फरक बारा मीटरचा, एक टक्कासुद्धा नाही. एवढ्याने काय होणार, असं वाटतं.

होतं ते असं. समजा हा फरक चार मीटर जाडीच्या थरात पडतो आहे. त्या थरात आडवा शिरलेला आवाज साठ मीटर पुढे जाईपर्यंत साडेतीन मीटर खाली झुकतो. थरातून खाली निसटतो तेव्हा तो आडव्याशी सात अंशाने उतरत असतो. तिथून तळ वीस मीटर खाली असेल तर दीडशे-एकशेसाठ मीटरांत तो चिखलात घुसतो. सात अंश ही किमान उतरण आहे; वरच्या थरातून निघालेला प्रत्येक किरण खाली आला की सात किंवा त्याहून जास्त अंशांनीच उतरतो. मग तळावर आपटत, दर आपटण्याला अशक्त होत तो पुढे जातो. धरणाच्या तळचा चिखल कुजून त्यात वायूचे बुडबुडे धरलेले असतील तर हाल आणखीच. म्हणजे नोव्हेंबरात ६०० मीटर चालणारा, तरंग्याला दोन मीटरवर लटकवलेला मोडेम मे महिन्यात ऐकू येईनासा होतो. मोडेम बिघडला म्हणून तो काढून आणला जातो, बादलीत ठेवून तपासला जातो आणि ठणठणीत निघतो.

१९३०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या सोनारचं असंच झालं. सकाळी पाणबुडी दुरून सापडायची, दुपारी सापडेना. शोध घेतल्यावर कळलं, उन्हाने वरचं पाणी तापतं आणि ध्वनी खाली वळतो. या प्रकाराला आजही ‘दुपारचा परिणाम’ म्हणतात.

आता हेच उलटं बघा, कारण उपाय त्यातच आहे. गार थरात खाली बसलेल्या मोडेमचा आवाज सात अंशांपेक्षा कमी चढणीने वर निघाला तर तो गरम पाण्यात शिरूच शकत नाही, पुन्हा खाली वळतो. खालच्या मोडेमना जणू डोक्यावर छप्पर मिळतं. ते एकमेकांना दूरवर ऐकतात, आणि वरच्या लाटांचा, होड्यांचा गोंगाटही त्यांच्यापर्यंत कमी येतो. म्हणून नियम साधा: सगळे मोडेम थर्मोक्लाइनच्या खाली, तळापासून तीन ते पाच मीटर उंचीवर. तापमानाचे आणि ऑक्सिजनचे सेन्सर मात्र वरपर्यंत हवेत. ते त्याच दोरावर साध्या केबलने लावून खालच्या मोडेमला जोडायचे. उभ्या दिशेला तार, आडव्या दिशेला आवाज. यात मोडेमही कमी लागतात, आणि या सगळ्या साखळीत सर्वांत महाग वस्तू तीच असते.

एक चूक मात्र हटकून होते. खालचे सगळे मोडेम नीट बसवले जातात आणि काठाशी बोलणारा गेटवे तरंगता असतो म्हणून त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यातलं तोंड आणि कान, एक-दोन मीटरवर लटकवला जातो. मग छप्पर आडवं येतं: जवळचे दोन नोड ऐकू येतात, लांबचे गायब. गेटवेच्या कानालाही केबलने त्याच गार थरात उतरवा. पंचवीस मीटर केबल वाढली तर वाढू द्या.

नोड किती

व्याप्तीच्या बहुतेक आकृत्यांत प्रत्येक सेन्सरभोवती एक वर्तुळ काढलेलं असतं. ऑक्सिजनचा सेन्सर मात्र त्याच्या टोकाशी असलेलं पाणी मोजतो, बस्स. त्याला वर्तुळ कुठलं? तर त्या जागेचं वाचन किती दूरपर्यंतच्या पाण्याला लागू धरता येईल, ते अंतर. ते पुस्तकात मिळत नाही, मोजावं लागतं. एकाच खोलीवर १००, २०० आणि ४०० मीटर अंतराने सेन्सर आठवडाभर टांगा आणि वाचनं शेजारीशेजारी मांडा. तुम्हाला ऑक्सिजन लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत नेमका हवा असेल, तर ज्या अंतरापुढे दोन वाचनांत त्याहून जास्त फरक पडू लागतो तो तुमचा मापनाचा पल्ला. उभ्या दिशेला हेच अंतर एखाद-दोन मीटरवर येतं. आडवं काहीशे मीटर, उभं दोन मीटर: वर्तुळ कसलं, भाकरीच ती.

आता हिशोब. चार किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद, पंचवीस मीटर खोल असा जलाशय धरा आणि आडवा पल्ला ३०० मीटर निघाला असं समजा. कमीत कमी नोडांत पूर्ण व्याप्ती हवी तर ते समभुज त्रिकोणांच्या जाळीत बसवायचे. दोन नोडांतलं अंतर पल्ल्याच्या १.७३ पट, म्हणजे ५२० मीटर. प्रत्येकाच्या वाट्याला ०.२३ चौरस किलोमीटर पाणी येतं. चार चौरस किलोमीटरला सतरा नोड, पण काठाकाठाने वर्तुळं अर्धी जमिनीवर पडतात, म्हणून प्रत्यक्षात बावीस ते चोवीस.

जोडणीचा एक सुरेख नियम आहे: संपर्काचा पल्ला मापनाच्या पल्ल्याच्या दुप्पट असेल, तर व्याप्ती पूर्ण झाली की जोडणी आपोआप होते. त्रिकोणी जाळीत १.७३ पटही पुरते. आपल्या उदाहरणात मोडेम ६०० मीटर जात असेल तर प्रश्नच मिटला. पण मे महिन्यात तो ३५० मीटरवर आला तर? तेच चोवीस नोड, व्याप्ती शंभर टक्के, आणि कोणाचाही निरोप शेजाऱ्यापर्यंत नाही. मग मधे फक्त निरोप पुढे ढकलणारे नोड घालावे लागतात. म्हणून अंतर ठरवताना वाईटात वाईट वेळी मोजलेला पल्लाच धरायचा. माहितीपत्रकातला आकडा नीरव, खोल, सरळ पाण्यातला असतो. मोजायला सवड नसेल तर निदान तो निम्मा करा.

हा नियम आणखी एका गोष्टीवर उभा आहे: मोजायचा भाग सरळ, कुठेही आत न वळलेला असावा लागतो. सह्याद्रीतलं धरण तसं कधीच नसतं. पानशेत-वरसगाव नकाशावर बघा, पाणी प्रत्येक घळीत शिरलेलं आहे. ध्वनी डोंगराला वळसा घालत नाही. शेजारशेजारच्या दोन फाट्यांत नकाशावर अंतर ३०० मीटर आणि मधे टेकडीची सोंड, तर ती जोडी कधीच बोलणार नाही. फाट्याच्या तोंडाशी, जिथून दोन्हीकडे सरळ पाणी दिसतं अशा जागी एक नोड ठेवावाच लागतो. बुडालेल्या वस्तूंचंही तसंच. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. पाणी चढल्यावर तेच मंदिर ध्वनीपुढे भिंतीसारखं उभं असतं.

खोल समुद्रात तिन्ही दिशांना व्याप्ती हवी असते. भारतीय गणिती आर. पी. बांबा यांनी १९५४ साली सिद्ध केलं, की नियमित जाळीत सारख्या गोलांनी अवकाश झाकायचं तर सर्वांत काटकसरीची रचना म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांत एकेक आणि मध्यभागी एक. नुसत्या घनांच्या जाळीला तिच्यापेक्षा ८६ टक्के जास्त नोड लागतात. गणित म्हणून हे मनाला फार भावतं. आपल्या धरणाला मात्र ते लागू करू नका. चार किलोमीटर लांब आणि पंचवीस मीटर खोल म्हणजे पापड आहे, लाडू नव्हे.

जाळी कागदावर तयार झाली की पेन्सिल घेऊन एकेक नोड खोडून बघा. एक गेल्यावर मागचे चार तुटत असतील तर तो कच्चा सांधा. तिथे जोडीला दुसरा नोड द्या. प्रत्येक नोडला किमान दोन शेजारी हवेत, आणि ते एकाच बाजूला नकोत.

बॅटरी बोलण्यात जात नाही, ऐकण्यात जाते

डी आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइडचा एक सेल ३.६ व्होल्ट आणि साधारण १९ अँपिअर-तासांचा, म्हणजे कागदावर ६८ वॉट-तास. सहा सेल लावले तर चारशे. मोडेम बोलताना दहा वॉट घेतो, पण दिवसाला चोवीस निरोप, प्रत्येकी एक सेकंद. सगळे मिळून ०.०७ वॉट-तास. हे काहीच नाही. तोच मोडेम कान उघडा ठेवून बसला तर सतत अर्धा वॉट खातो: दिवसाला बारा वॉट-तास. चारशे वॉट-तास चौतीस दिवसांत साफ. वर्षभर चालेल म्हणून टाकलेलं जाळं महिन्याभरात का मेलं, याचं उत्तर बहुधा इथे सापडतं. म्हणून मोडेम घ्यायचा तो जागं करणारा वेगळा छोटा रिसीव्हर असलेला, जो काही मिलिवॉटवर जागतो आणि नेमकी खूण ऐकली की मुख्य मोडेमला उठवतो. पाच मिलिवॉट धरले तर दिवसाला ०.१२ वॉट-तास.

या सेलची एक खोड आहे. बराच काळ कमी करंट ओढला की आत एक पापुद्रा धरतो, आणि अचानक मोठा करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. मोडेम नेमका बोलायला लागतो तेव्हा रिसेट होतो. समांतर मोठा कपॅसिटर लावा. बोलण्याचा झटका तो पेलतो.

गेटवेच्या शेजारचे नोड आधी मरतात. मागच्या आठ जणांचे निरोप त्यांच्याच हातून जातात, स्वतःचा धरून बोलण्याचा खर्च नऊपट. एका टोकाला एक गेटवे ठेवण्यापेक्षा दोन टोकांना दोन ठेवले तर हा बोजा वाटला जातो, एक बंद पडला तरी दुसरा असतो. गेटवेपासून काठापर्यंत ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा लोरा, म्हणजे कमी विजेवर दूर पोचणारा रेडिओ, पुरतो. या पट्ट्याला परवाना लागत नाही. अँटेना पाण्यापासून दीड-दोन मीटर उंच हवी. पाण्याला चिकटलेली अँटेना काठाचं तोंडही बघत नाही.

नांगर, दोर आणि डबा

काँक्रीटचा ५० किलोचा ठोकळा पाण्यात २९ किलोच भरतो, कारण त्याने बाजूला सारलेलं पाणी त्याला उचलून धरतं. लोखंड सत्त्याऐंशी टक्के वजन राखतं. नांगराचं वजन नेहमी पाण्यातलं मोजा आणि ते दोर ताठ धरणाऱ्या वरच्या बुडीत तरंग्याच्या उचलीच्या किमान तिप्पट ठेवा, नाहीतर नांगरच हळूहळू चालायला लागतो.

दोराची लांबी हा आपल्या धरणांतला खरा त्रास. पावसाळ्याअखेर काठोकाठ असलेलं पाणी जूनपर्यंत कितीतरी मीटर उतरतं. ३० मीटर दोराने पृष्ठभागावरचा तरंगा बांधला आणि पाणी २० मीटरवर आलं, तर तरंगा २२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही भरकटतो, दोर सैल पडून स्वतःच्याच सेन्सरभोवती गुंडाळतो. म्हणून नोडची दोरी पृष्ठभागाला बांधूच नये. तळाशी नांगर, वर बुडीत तरंगा, आणि तो तरंगा जूनमधल्या सर्वांत खालच्या पातळीच्याही दोन मीटर खाली. दोर सदैव ताठ राहतो, जलपर्णीचा गालिचा वरून निघून जातो. पृष्ठभागावर फक्त गेटवे. त्याच्या दोराच्या मध्यावर छोटं वजन अडकवलं की पाणी उतरल्यावर सैल दोर उभाच खाली लोंबतो.

उथळ फाट्यांतले नांगर मे-जूनमध्ये कोरड्या पात्रात ट्रॅक्टरने नेऊन ठेवता येतात. होडीतून ५० किलो उचलण्यापेक्षा किती सोपं. त्याच फेरीत बुडणारी झाडं, भिंती, ओढ्याची जुनी खोल नाळ, सगळं जीपीएसवर नोंदवून घ्या. हा नकाशा पुढे कोणतंही सॉफ्टवेअर देणार नाही.

यंत्र ठेवायच्या डब्याचं म्हणाल तर ३० मीटरवर फक्त तीन वातावरणांचा जास्तीचा दाब असतो. डबा फुटत नाही, तो झिरपतो. झाकणाला दोन ओ-रिंग, त्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, खाचेत एक केसही नको. झाकण लावल्यावर हातपंपाने आतली हवा निम्मी काढून अर्धा तास मापकाकडे बघा; काटा हलला तर डबा पाण्यात जायचा नाही. डबा दमट दिवशी बंद केला तर तळाच्या गारव्यात आतली वाफ सर्किटवर दव होऊन बसते. कोरड्या खोलीत, सिलिका जेलची पुडी टाकूनच बंद करा.

तापमानासाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळणारा स्टीलच्या टोपीतला डीएस१८बी२० सेन्सर चालतो, पण दोन कामं आधी करा. बर्फाचा चुरा आणि पाण्याच्या भांड्यात बुडवून शून्य अंश दाखवतो का ते बघा आणि प्रत्येकाची चूक त्याच्या नंबरासमोर लिहून ठेवा. आणि केबल टोपीत शिरते ती जागा इपॉक्सीने भरा. पाणी तिथूनच आत चढतं, पहिल्या दिवशी नाही, दोन महिन्यांनी. ऑक्सिजनच्या सेन्सरवर शेवाळाचा बुळबुळीत थर धरला की तो दिवसा जास्त आणि रात्री कमी दाखवू लागतो, कारण तो त्या शेवाळाचाच श्वास मोजत असतो. तांब्याची जाळी लावा आणि महिन्याला पुसायची तयारी ठेवा.

टाकण्याआधी आणि टाकताना

मोडेमची चाचणी विहिरीत किंवा पोहण्याच्या तलावात घेऊन पल्ला ठरवू नका. भिंतींवरून इतके प्रतिध्वनी येतात की चांगला मोडेमही तिथे तोतरा होतो. जलाशयातच दोन होड्या लावा, ट्रान्सड्यूसर ठरलेल्या खोलीवर सोडा, १०० निरोप पाठवा आणि पोचलेले मोजा. नव्वदच्या खाली आलात तर अंतर कमी करा. हीच चाचणी पहाटे, दुपारी तीनला आणि रिमझिम पावसात घ्या. मुसळधार पावसाचा आवाज मोठा हे खरं, पण भुरभुर पाऊसही फसवतो: एक मिलिमीटरच्या आसपासचे थेंब पाण्यात बारीक बुडबुडे अडकवतात आणि ते १४-१५ किलोहर्ट्झला किणकिणतात. तुमचा मोडेम त्या पट्ट्यात बोलत असेल तर श्रावणात पल्ला घटलेला दिसेल. पंचवीस किलोहर्ट्झच्या वरचा मोडेम त्यातून बराच सुटतो.

जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्या. खडकवासल्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या शिडाच्या होड्या चालतात, त्यांची जागा सोडा. आणि मासेमारी करणाऱ्यांना भेटा, फोनवर नको, काठावर जाऊन. त्यांची जाळी कुठे पडतात हे विचारून नोड हलवा. डब्यावर ठळक मराठीत लिहा: ‘पाणी मोजायचं यंत्र आहे, धोका नाही, सापडल्यास कळवा’, खाली फोन नंबर. हरवलेले डबे बहुधा त्यांच्याच हातून परत येतात.

टाकायच्या दिवशी वारा पडलेला असावा, म्हणजे सकाळी. प्रत्येक जागी आधी ओळंबा सोडून खोली मोजा. गाळात नांगर अर्धा मीटर रुतेल तेवढा दोर जास्त द्या. आधी वरचा तरंगा पाण्यात, मग सेन्सर, मग मोडेम, शेवटी नांगर. नांगर आधी सोडला तर दोर होडीतल्या माणसाच्या पायाला विळखा घालतो. नांगराला दुसऱ्या बाजूने ५० मीटरचा बुडणारा दोर बांधून तळावर सरळ पसरा आणि त्याच्या टोकाला छोटं वजन लावा. दोन्ही टोकांच्या जीपीएस नोंदी ठेवा. यंत्र परत काढताना विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ त्या दोराला आडवा ओढला की सगळं वर येतं. पाणबुड्याची गरज पडत नाही.

पहिला महिना वाचनांइतकंच बॅटरीच्या आकड्यांकडे लक्ष द्या. एखाद्या नोडची बॅटरी शेजाऱ्यांपेक्षा लवकर उतरत असेल तर बहुधा दोनच कारणं: त्याच्यावरून जास्त निरोप जात आहेत, किंवा त्याचा निरोप पहिल्या खेपेला पोचत नाही आणि तो तीन-तीनदा पाठवतो आहे. परत पाठवण्याची संख्या निरोपातच जोडलेली असली की दोन्हींतलं कुठलं ते काठावर बसून कळतं, आणि पुढचा जास्तीचा नोड कुठे टाकायचा तेही.